एकेचाळीस दीपस्तंभ

"बांबू?" मी विचारलं.

"बाबा," वर्ग एका सुरात म्हणाला.

"चहा?"

"भोंगा."

"भिंत?"

"थरथर."

पाढे म्हणावेत तशी पोरं म्हणत होती. खिडकीबाहेर आमचे हेडमास्तर मगदूम सर हात पाठीमागं बांधून उभे होते आणि तालावर मान डोलवत होते. आठवी ब, पट बेचाळीस, इचलकरंजी. तिसऱ्या बाकावर कावेरी खारगे बसली होती. तिचे ओठ तेवढे हलत नव्हते. मला ते दिसत होतं. दिसत नव्हतं असं आज ठोकून देता येईल, पण कशाला? रिटायर होऊन सहा वर्षं झाली, आता कुणाची भीती आहे मला.

हा सगळा उद्योग चीनमधून आला होता. पुण्याचे डॉ. अष्टपुत्रे म्हणून एक शिक्षणतज्ज्ञ होते. ते तिकडच्या एका विद्यापीठात सहा महिने राहून आले होते आणि तिथून पोरांची सर्जनशीलता मोजायची चाचणी घेऊन आले होते. कागदावर दहा शब्द. प्रत्येक शब्दाला एक मिनिट. त्या शब्दावरून जे पहिलं मनात येईल ते लिहायचं. शब्द चिनीतून इंग्रजीत त्यांनी आणले आणि इंग्रजीतून मराठीत त्यांच्या मिसेसनी. चंद्र, चहा, सुई, पूल, भिंत, बांबू, रेशीम, आरसा, ड्रॅगन आणि शिक्षक. जे उत्तर एकट्या पोरानं लिहिलंय त्याला दोन गुण, दोघा-तिघांनी लिहिलं असेल तर एक, आणि त्याहून जास्तांनी लिहिलं तर भोपळा. म्हणजे वीस गुणांचा पेपर. एक चाचणी जुलैत, दुसरी ऑक्टोबरात. मधल्या तीन महिन्यांत शिक्षकांनी पोरांची सर्जनशीलता जोपासायची.

"शिकवू नका, फुलू द्या," असं डॉक्टर जाताना म्हणाले. मगदूम सरांनी ते डायरीत लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या आणि डॉक्टरांची गाडी फाटकाबाहेर पडल्यावर मला विचारलं, "बाई, या फुलवण्याचा पोर्शन किती आहे?"

यात एक खरी गोष्ट होती. दुसऱ्या चाचणीत शाळेत जो पहिला येईल त्याला डॉक्टरांची संस्था पुण्याला नेणार होती. राहणं, जेवण, शाळा, बारावीपर्यंत सगळं फुकट. एका शाळेतून एकच पोर.

कावेरीची आई शेवंता जूनमध्येच मला भेटून गेली होती. नवरा दीड वर्षापूर्वी गेलेला, पदरात तीन पोरी, ही थोरली. बाई एका यंत्रमागाच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरायची. म्हणाली, "बाई, यंदा आठवी झाली की बास. नववीला घालत न्हाई. कांडी मशिनवर माझ्या शेजारी बसवते." मी तिला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्या. तिनं त्या ऐकून घेतल्या आणि म्हणाली, "बरं हाय." म्हणजे तिचं ठरलेलं होतं. तेव्हा बाकी पोरांना पुणं म्हणजे बक्षीस होतं, कावेरीला ती एकच वाट होती. हे मला माहीत होतं. मगदूम सरांनाही मी सांगितलं होतं.

जुलैच्या चाचणीचा निकाल आला तेव्हा आमच्या वर्गाची सरासरी निघाली दोन. चहाला तीस जणांनी साखर लिहिली होती, सुईला चाळीस जणांनी दोरा. ड्रॅगनला एकतीस पोरांनी लिहिलं होतं मंचुरियन. त्यात त्यांची काय चूक? आमच्याकडं ड्रॅगन दिसतो तो फक्त चायनीजच्या गाड्यावर, लाल रंगात काढलेला.

डॉक्टरांच्या पत्रात चीनमधल्या एका शाळेचीही सरासरी दिली होती, अकरा. ती वाचून मगदूम सरांचा चेहरा असा झाला की जणू सरहद्दीवरनं तार आली. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर त्यांनी पोरांना सांगितलं की, आपल्याला चीनच्या पुढं जायचंय. कशात ते सांगायचं राहून गेलं.

पण त्याच निकालात एक पेपर होता वीसपैकी वीस. कावेरी खारगे. वर्गात ही पोरगी कधी हात वर करायची नाही. गणितात काठावर पास, शुद्धलेखन दिव्य. डॉक्टरांनी तिच्या पेपरावर लाल पेननं लिहिलं होतं, "असाधारण".

सरांनी मला ऑफिसात बोलावलं. "हेरवाडे बाई, एकीला जमतंय तर बेचाळीसांना का जमू नये?" त्यांचं म्हणणं साधं होतं. हिची उत्तरं काढायची, फळ्यावर लिहायची, पाठ करून घ्यायची. सगळ्यांना वीस. सरासरी वीस. चीन अकरा. मी म्हटलं, सर, मग पुण्याला कोण जाणार? ते म्हणाले, चिठ्ठी टाकू. मी म्हटलं, पण कावेरी. तर म्हणाले, "हुशार आहे हो ती, तिचं कुठंही होईल." ज्यांचं कुठंच काही होत नाही त्यांच्याबद्दल लोक हे हमखास बोलतात. मग त्यांनी टेबलावरची एक फाईल माझ्याकडं सरकवली. आदर्श शिक्षक पुरस्काराचा प्रस्ताव, माझ्या नावाचा. सव्वीस वर्षं नोकरी झाली होती माझी, आणि ही फाईल तीन वेळा जाऊन परत आली होती. "या खेपेला 'सर्जनशीलता संवर्धन' असा मुद्दा घालूया," सर म्हणाले.

मी गप्प बसले. एवढंच केलं मी. पण काही वेळा तेवढ्यानं सगळं होतं.

तुम्ही म्हणाल, एवढी शिकलेली बाई, सगळ्यांनी एकच उत्तर लिहिलं तर गुण मिळत नाहीत हे हिला कळलं नाही? नियम मी चार वेळा वाचला होता. इतर मुलांपेक्षा वेगळं उत्तर हवं, असं त्यात स्पष्ट होतं. पण इतर मुलं म्हणजे दुसऱ्या शाळेतली, असं आम्ही दोघांनी धरलं. आपल्याच वर्गातल्या पोरांनी एकमेकांपेक्षा वेगळं असावं, हे आमच्या डोक्यात यायचं काही कारणच नव्हतं. सव्वीस वर्षं आदर्श उत्तरं लिहून देण्यात गेली होती. आदर्श उत्तर सगळ्यांचं सारखं असतं, म्हणून तर ते आदर्श.

मधल्या सुट्टीत मी कावेरीला स्टाफरूममध्ये बसवलं आणि एकेक शब्द विचारला. पोरगी खुशीत आली. तिला असं कुणी कधी विचारलंच नव्हतं. चहाला भोंगा का, तर भोंगा झाला की कारखान्यात चहाची किटली येते. भिंतीला थरथर, कारण शेजारी चोवीस माग चालतात आणि भिंतीला पाठ टेकली की दात वाजतात. ड्रॅगन म्हणजे सायझिंगचा बॉयलर, सुताला खळ देतात तिथला. पूल म्हणजे मधली बहीण, कारण आई आणि आजी एकमेकींशी बोलत नाहीत, तिच्यामार्फत बोलतात. रेशमाला तिनं लिहिलं होतं, दुसऱ्याचं. सुईला काकूचा चष्मा. आरशाला तीन मिनिटं, म्हणजे तिघी बहिणींच्या वाटणीला सकाळी तेवढा येतो. चंद्राला आईची रात्रपाळी.

"आणि बांबूला बाबा?"

"त्यांची तिरडी बांधताना मी तिथंच होते, बाई."

मी ते वहीत टिपून घेतलं. हो, टिपून घेतलं. हात थांबला नाही माझा.

दहावा शब्द होता शिक्षक. त्यापुढं तिनं लिहिलं होतं, जॉबर. आमच्या गावात मागाची दुरुस्ती करणाऱ्या माणसाला जॉबर म्हणतात. आमच्या गल्लीत एक जॉबर राहायचा. बनियनवर ग्रीस, तोंडात तोबरा, हातात पाना. मला राग आला, खोटं कशाला बोलू. एम.ए., बी.एड. झालेली बाई मी, आणि हिला मला बघून तो आठवतो. का, हेही मी विचारलं नाही. माझ्या वहीत त्या शब्दापुढं मी माझ्या मनानं लिहिलं, दीपस्तंभ.

"बाई, हे सगळ्यांना देणार?" कावेरीनं विचारलं.

"विद्या दिल्यानं वाढते," मी म्हटलं. तिनं मान हलवली. बाईंनी सांगितलं म्हणजे खरंच असणार.

दुसऱ्या दिवसापासून फुलवणं सुरू झालं. पहिल्या तासाला दहा मिनिटं, शेवटच्या तासाला दहा मिनिटं. मी फळ्यावर दहाच्या दहा लिहिले आणि पोरांनी वहीत उतरवून घेतले. 'बांबू – बाबा' लिहिताना मी मागं वळून पाहिलं तर कावेरीनं वही मिटलेली. मी म्हटलं, लिहून घे की.

"मला पाठ आहे, बाई," ती म्हणाली.

पोरं पोरंच. आठवड्याभरात त्याचा खेळ झाला. मैदानावर एकजण ओरडायचा, "बांबू," आणि सगळे दात काढत ओरडायचे, "बाबा." कावेरी तेव्हा नळावर पाणी प्यायला जायची. बरंच पाणी प्यायली ती त्या तीन महिन्यांत. मी पोरांना एकदा रागावले, पण राग दाखवायला तोंड कुठलं? शिकवलं होतं मीच.

ऑक्टोबरात डॉक्टरांची सहायक मुलगी चाचणी घ्यायला आली. तिनं नियम वाचून दाखवले. दुसऱ्याचं लिहायचं नाही, आपल्या मनातलं लिहायचं. पोरांनी दहा मिनिटांची चाचणी तीन मिनिटांत संपवली आणि हाताची घडी घालून बसली. मगदूम सरांनी मला खिडकीतनं अंगठा वर करून दाखवला.

पंधरा दिवसांनी डॉक्टर स्वतः आले. ऑफिसात सर, मी, आणि डॉक्टरांनी निरोप धाडून बोलावलेल्या कावेरी आणि तिची आई. शेवंता कामावरनं तशीच आली होती, केसांत कापसाचा भुगा. ती खुर्चीवर बसायला तयार होईना. शेवटी टेकली काठावर.

डॉक्टरांनी पेपरांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. आवाज न चढवता सांगायला लागले. बेचाळीस पेपर, त्यातले एकोणचाळीस शब्दाला शब्द सारखे, म्हणून एकोणचाळीस पोरांना शून्य. दोघांना दोन-दोन गुण मिळालेत, कारण पाठ केलेला एकेक शब्द ती विसरली आणि तिथं त्यांनी स्वतःच्या डोक्यातलं लिहिलं. शिक्षकापुढं दीपस्तंभ मात्र त्यांनीही लिहिलाय, म्हणजे एकूण एकेचाळीस दीपस्तंभ. आणि एका पेपराला वीसपैकी वीस.

"कुमारी कावेरी खारगे," ते म्हणाले, आणि तिचा पेपर त्यांनी सरांच्या पुढं ठेवला. मी वाकून पाहिलं.

चहा – साखर. सुई – दोरा. पूल – नदी. भिंत – वीट. बांबू – काठी. चंद्र – आकाश. ड्रॅगन – मंचुरियन.

सरांना अजून काही कळलं नव्हतं. ते म्हणाले, "वा, म्हणजे पहिली आलीच की."

"नियमानं आली," डॉक्टर म्हणाले. "साखर लिहिणारी सगळ्या वर्गात ही एकटीच. पण चहाला साखर लिहिणारं पोर मी असाधारण म्हणून पुण्याला कसं नेऊ? मला वेगळीच शंका येतेय. जुलैत हिनं जे लिहिलं तेच आता सगळ्यांनी लिहिलंय. म्हणजे ती उत्तरं कुणीतरी मोठ्यानं तयार केली होती. जुलैत एकीला दिली, नंतर सगळ्यांना. हिच्याजवळ स्वतःचं आहे ते हे, साखर आणि दोरा." मग ते कावेरीकडं वळले. "बाळ, पहिल्या वेळची उत्तरं तुला कुणी सांगितली?"

"कुणी न्हाई," कावेरी म्हणाली.

"मग या वेळी असं का लिहिलंस?"

तिनं माझ्याकडं पाहिलं आणि नजर खाली घातली. मला नेमकं कळलं की ती का बोलत नाही. खरं बोललं तर बाईंचं नाव घ्यावं लागतं. तेरा वर्षांची पोर मला सांभाळून घेत होती. आणि मी? मी म्हटलं, "डॉक्टर, घाबरली असेल पोरगी परीक्षेत." टेबलाखाली मगदूम सरांचा बूट माझ्या पायावर होता, पण खरं सांगते, तो नसता तरी मी हेच म्हटलं असतं.

डॉक्टरांनी पेपर उचलला. शेवंतानं विचारलं, "म्हंजे न्हाई न्हेणार व्हय?" ती पदर सावरून उठायला लागली. तिला काही नवं नव्हतं. कांडी मशीन तिथंच होतं.

पेपर गठ्ठ्यात ठेवता ठेवता डॉक्टर थांबले. त्यांनी बॅगेतनं जुलैचा पेपर काढला आणि दोन्ही शेजारी शेजारी धरले. "नऊ शब्द बदललेत," ते म्हणाले. "शेवटचा बदललेला नाही. दोन्हीकडं जॉबर. आणि बाकी एकाही पोरानं जॉबर लिहिलेलं नाही. हा का नाही बदललास?"

कावेरीनं पुन्हा माझ्याकडं पाहिलं. मी नजर खिडकीकडं वळवली. तेवढ्यात तिची आई तिला हळूच म्हणाली, "बोल की गं."

"बाईंनी बाकीचे सगळ्यांना दिले," कावेरी म्हणाली. "मग चाचणीच्या त्या ताई म्हणाल्या, दुसऱ्याचं लिहायचं न्हाई. ते आता सगळ्यांचे झालेले, माझे कुठं राहिले? सगळे भोंगा लिहिणार, म्हणून मी साखर लिहिली. जॉबर बाईंनी कुणाला दिला नव्हता. तो माझ्याकडंच राहिला होता."

डॉक्टर माझ्याकडं वळले. "बाई, हा एकच का दिला नाहीत?"

मगदूम सर खाकरले. माझ्या फाईलची मुंबईहून आलेली पोच त्यांच्या कोपराजवळ होती. मला ती दिसत होती.

"मला आवडला नव्हता, डॉक्टर," मी म्हटलं. "बाकीचे नऊ तिचेच. मीच घेतले आणि फळ्यावर लिहिले. दीपस्तंभ तेवढा माझा."

डॉक्टरांनी दोन्ही पेपर टेबलावर ठेवले. मग पुण्याच्या माणसानं विचारावं तसं विचारलं, "जॉबर म्हणजे काय?"

त्याला उत्तर दिलं ते शेवंतानं. "माग बंद पडला की त्येला बोलवत्यात, सायेब. मालक वरडतो, कामगार वरडतो, त्यो वरडत न्हाई. मागाला कान लावतो. कुठं काय अडलंय ते बघतो. मग चालतो माग." तिला वाटलं आपण जास्त बोललो, म्हणून ती परत खुर्चीच्या काठावर टेकली.

सहावीत कावेरीला वाचताना अडखळायला व्हायचं. सगळे हसायचे. मी तिला वर्षभर शेवटच्या तासानंतर शेजारी बसवून वाचायला लावलं होतं आणि नुसती ऐकत बसायचे. मी ते विसरूनही गेले होते. त्या ऑफिसात एकदम आठवलं आणि मला रडू आलं. सरांनी मला पाणी दिलं. त्यांना वाटलं, पुरस्कार गेला म्हणून रडतेय.

कावेरीला डॉक्टरांनी नेलं. पुढच्या जूनमध्ये मी स्टँडवर गेले होते. एक पत्र्याची पेटी, एक पिशवी आणि आई. मला नीट बोलता येईना. मी म्हटलं, "कावेरी, बांबूचं चुकलं गं माझं."

"आता पोरं तसं म्हणत न्हाईत, बाई," ती म्हणाली. "विसरली सगळी."

मग ती पाया पडली आणि गाडीत बसली. शेवंता माझ्याशेजारी उभी होती. गाडी वळल्यावर तिनं मला विचारलं, "म्हंजे बाई, पोरगी साखरंमुळं गेली का जॉबरमुळं?" मी म्हटलं, जॉबरमुळं. तिनं मान हलवली. तिला ते पटण्यासारखं होतं.

कावेरी पुढं पुण्यातच राहिली. बहिणींनाही तिकडं नेलं. दिवाळीला फोन करते, तब्येत विचारते, त्या प्रकरणाबद्दल एक अक्षर काढत नाही.

आणि पुरस्काराची गंमत सांगायची राहिली. एकोणचाळीस पोरांना शून्य मिळालं होतं हे पुण्याला कळलं, पण माझी फाईल गेली होती मुंबईला, तीही ऑगस्टमध्ये. त्या दोन गावांनी एकमेकांना काही विचारलं असेल अशी अपेक्षा कुणी करू नये. दोन वर्षांनी फाईल पास झाली. मोठा समारंभ, शाल, श्रीफळ, फ्रेममधलं सन्मानपत्र. मगदूम सर पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. निवेदिकेनं सन्मानपत्र मोठ्यानं वाचलं. श्रीमती शैलजा हेरवाडे, ग्रामीण विद्यार्थ्यांच्या सर्जनशीलतेचा दीपस्तंभ.

एकेचाळीस मी वाटले होते. बेचाळिसावा मला मिळाला.